घरभर बाबांचा आवाज

घरात बिनतारी स्पीकर आणणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: घरातल्या कुणी ते मागितले होते का? मी विचारला. माझा थोरला भाऊ म्हणाला, "मागायला आधी कळावं लागतं." आमच्या वॉर्डातले झाडून सगळे पुढारी याच सुरात बोलतात. पण ते निदान मत मागायला तरी येतात.

आमचं घर पंचवटीत, दुसऱ्या मजल्यावर. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि भिंतीतल्या कोनाड्याला मोठेपणानं म्हणतो ते देवघर. आईनं गॅसपाशी उभं राहून "चहा" म्हटलं की शेवटच्या खोलीतला माणूस उठून येतो. आवाज पोचत नाही अशी तक्रार या घरात कुणी कधी केलेली नाही. जास्त पोचतो, अशीच होती. तरी दादानं घरात चार ठिकाणी स्पीकर बसवले. एक फ्रिजवर, एक टीव्हीशेजारी, एक मोरीत खिडकीच्या कठड्यावर, एक देवघराच्या वर. सगळे त्याच्या कॉम्प्युटरला जोडलेले, वायर कुठेच नाही. पाहुणे आले की तो त्यांना हॉलमधून मोरीपर्यंत चालायला लावायचा. "बघा, गाणं तुमच्याबरोबर येतंय." पाहुणे बिचारे हातात पोह्यांची बशी घेऊन मोरीच्या दारापर्यंत जायचे आणि "वा" म्हणून परत यायचे.

गाणं येतं हे खरं. पण कॉम्प्युटरला गाणं आणि कचरा यातला फरक कळत नाही, त्याच्यात जे वाजेल ते घरभर वाजतं. दादाला ईमेल आली की चारी ठिकाणी टुंग. दादाचा साहेब चिडला की त्याची चिडचिड स्वयंपाकघरात, आईच्या फोडणीवर. वहिनी एकदा डोक्याला साबण लावून मोरीत उभी होती, तेवढ्यात कठड्यावरून साहेब कडाडला, "आर यू लिसनिंग?" वहिनी आतून ओरडली, "ऐकते हो, पण डोळ्यात साबण गेलाय!"

बाबा पुरोहित. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, यात्रेकरूंचे विधी सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझा त्या विधींवर काडीचा विश्वास नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्यांनीही "तू चौकात वाटतेस त्या पत्रकांवर माझा नाही" असं तोंडावर सांगितलेलं आहे. आमचं बरं चाललं होतं. तर एकदा बाबा सकाळची पूजा करत बसले होते आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात फुटली. बाबांनी घंटा खाली ठेवली आणि पाण्याच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुणाचे गुडघे दुखतायत रे? ये इकडे, मोडून देतो!" त्याच दिवशी देवघरावरचा स्पीकर उतरला. चर्चा नाही, निवेदन नाही, सह्यांची मोहीम नाही. आवाज असलेल्या माणसाचं काम असं होतं.

मग हिवाळा सरता सरता बाबांना झटका आला. उजवा हात आणि पाय थोड्या दिवसांत बऱ्यापैकी परतले. बोलणं परतलं नाही. समजायचं सगळं. पेपर वाचायचे, आईनं भाजीत मीठ कमी घातलं की बशी सरकवायचे. पण तोंड उघडलं की शब्द यायचा नाही, आला तर भलताच यायचा, आणि भलता आलाय हे त्यांना कळायचं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी कुठल्याही पत्रकात लिहू शकणार नाही.

नाशिक रोडहून एक स्पीचवाल्या मॅडम यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. पहिले काही महिने महत्त्वाचे, जे परत यायचं त्यातलं बरंचसं या काळात येतं. रोज बोलायचा सराव हवा. सराव करताना टीव्ही बंद, गप्पा बंद, पंखाही जमलं तर हळू. आणि शेवटी म्हणाल्या, "वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेलं कधीकधी आधी येतं. स्तोत्र असेल, मंत्र असतील. ते त्यांच्याकडून म्हणवून घ्या."

म्हणवून घ्या. दादा शेजारीच बसला होता. त्यानं ऐकलं ते असं: ऐकवा.

सगळे घरात कोंडलेले होते त्या काळात बाबांनी परगावच्या यजमानांना कॉम्प्युटरवरून पूजा सांगितल्या होत्या. दादानं त्यातली एक रेकॉर्ड करून ठेवलेली होती. झकास रेकॉर्डिंग, हे मीही कबूल करते. बाबांचा तो भरदार आवाज, मध्येच खोकून घसा साफ करणं, "हं, आता पाणी सोडा" असं यजमानाला दटावणं, सगळं त्यात होतं. देवघरावरचा स्पीकर परत चढला. कॉम्प्युटरला वेळ लावून ठेवली. सकाळी बाबांची आंघोळ झाली की चारी स्पीकरांतून बाबा सुरू.

दादाचं म्हणणं असं की कानावर पडून पडून ते आपोआप तोंडात येईल. लहान मुलाला जसं येतं. मी म्हटलं, "अरे, ते लहान मूल नाहीत. त्यांना येतंय, बाहेर पडत नाहीये. रस्ता बंद आहे आणि तू त्याच रस्त्यावर मिरवणूक काढतोयस."

"झालं हिचं भाषण सुरू," दादा म्हणाला. "पुढारीणबाई, तुमच्या चौकात जाऊन बोला."

चौकात मी बोलतेच. मिरवणुकांमधल्या स्पीकरच्या भिंतींविरुद्ध आम्ही काही जण पत्रकं वाटतो. शिव्या खातो, परत वाटतो. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या चहावाल्या काकांना पत्रक दिलं, तर ते वाचून, घडी करून, खिशात ठेवून म्हणाले, "बरोबर आहे ताई, फार आवाज करतात लोक. पण तुमच्या गॅलरीतून सकाळी पूजा ऐकू येते ना, ती मात्र चालू ठेवा बरं. लय प्रसन्न वाटतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातात उरलेला गठ्ठा होता. चहा न घेता निघाले.

आता त्या स्पीकरची आणखी एक गंमत सांगते, म्हणजे प्रसन्नतेची कल्पना येईल. ते सगळे एकाच वेळी वाजत नसत. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले. कुठला वायफायवर, कुठला ब्लूटूथवर. हॉलमधले बाबा पुढे, स्वयंपाकघरातले त्यांच्या किंचित मागे, मोरीतले सगळ्यांत शेवटी. दादा रोज कॉम्प्युटरवर आकडे बदलून त्यांना एका ओळीत आणायचा, ते रोज ओळ मोडायचे. दारात उभं राहिलं की एकच माणूस तीन वेळा, एकमेकांच्या अंगावर पडत, मंत्र म्हणतोय असं वाटायचं.

आणि खरे बाबा मध्यभागी, चौरंगावर, तोंड उघडून. पहिल्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला, मी पाहिलं आहे. हॉलमधल्या आवाजाबरोबर त्यांनी सुरुवात केली. दोन अक्षरं निघाली. तिसऱ्याला ते थांबले, कारण हॉलमधले बाबा पुढे निघून गेले होते. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्यांना धरायला पाहिलं. तेही निघून गेले. त्यांनी ओठ मिटले, उठले, भिंतीला धरत धरत दाराबाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. रेकॉर्डिंग संपेपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी चौरंगावर बसणंही सोडलं. आंघोळ करून सरळ जिन्यात.

"भरून येतं त्यांना," दादा म्हणाला.

भरून येतं! घरातला कर्ता पुरुष स्वतःच्या आवाजाला भिऊन जिन्यात जाऊन बसतो, आणि याला ते भरून येणं वाटतं. इगतपुरीहून आत्या भेटायला आली, तिलाही तसंच वाटलं. सकाळी रेकॉर्डिंग सुरू झालं तसं तिनं बाबांना हाताला धरून बळेच आपल्याशेजारी सोफ्यावर बसवलं. मग पदर डोळ्यांना लावला आणि टीव्हीशेजारच्या स्पीकरकडे बघत म्हणाली, "अगं बाई, आहे तस्सा आवाज! देवानं एवढं तरी ठेवलं." बाबा तिच्या शेजारी बसलेले. त्यांच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. स्पीकरच्या पाया पडायची तेवढी राहिली.

मॅडमना सांगावं म्हटलं, तर दादा आधीच म्हणाला, "त्यांनीच तर सांगितलंय." त्या दुपारी यायच्या, रेकॉर्डिंग सकाळी वाजायचं. मॅडमनी विचारलं, "सराव होतो ना सकाळी?" दादा म्हणाला, "एक दिवस चुकवलेला नाही." खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. त्याचा तो सराव खरंच एक दिवस चुकला नव्हता. मी तोंड उघडलं, तर मॅडमसमोर भांडण नको म्हणून आईनं माझा हात दाबला. मी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: "या घरात एक माणूस बोलायला शिकतो आहे. बाकीच्यांनी गप्प बसावे." वहिनीनं त्यावर दूधवाल्याचा नंबर चिकटवला. चौकातही आमच्या पत्रकांचं हेच होतं, पण चौकात निदान त्यात भजी बांधून देतात.

दादाला बाबांबद्दल माया नाही असं कुणी समजू नये. झटका आला तेव्हा त्यानंच त्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरवला होता. दवाखान्यात खुर्चीवर बसून त्याची मान आखडली होती. म्हणून तर राग जास्त येतो. माया आहे, वेळ आहे, पैसा घालतो, आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा नीट बघत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र दिवसभर बघतो.

फ्रिजवरच्या स्पीकरखाली आई काय ऐकत होती, हे मला एका एकादशीला कळलं. ती भगर ढवळत होती, मी दाणे कुटत होते. वर बाबा संकल्पापाशी आले. संकल्प म्हणजे पूजेच्या सुरुवातीला द्यायचा पत्ता. कुठल्या नदीच्या काठी, कुठल्या शकात, कुठल्या महिन्यात, कुठल्या पक्षात, कुठल्या तिथीला, कुठल्या वारी मी हे करतो आहे. विश्वास नसला तरी लहानपणापासून ऐकल्यानं एवढं मलाही ठाऊक. आई एकदम म्हणाली, "आपल्याकडे आज पण षष्ठीच."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ऐक ना. मार्गशीर्ष महिना, शुक्ल पक्ष, षष्ठी, गुरुवार. ज्या दिवशी भरलंय त्या दिवसाचं. मी इथे एकादशीची भगर शिजवतेय, बाहेर उन्हाळा मी म्हणतोय, आणि हे आपले रोज मार्गशीर्षातल्या गुरुवारी."

मी मुसळी खाली ठेवली. "तू पहिल्या दिवसापासून ऐकतेयस?"

"कान आहेत मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तो हौसेनं करतो गं." तिनं झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाली, "त्यांनाही ते टोचतं. तिथी चुकली की ते यजमानाची पूजा थांबवायचे. रोज सकाळी बसले की मला विचारायचे, 'आज काय?' मी इथून कॅलेंडर बघून सांगायची. लग्न झाल्यापासून. आता मला कोण विचारतंय?"

पुरोहिताच्या घरात, पुरोहिताच्याच आवाजात, रोज चुकीची तारीख जाहीर होत होती, आणि ज्याला ती दुरुस्त करता आली असती त्याला तोंड नव्हतं. पुरोहिताच्या मुलाला संस्कृत म्हणजे शांत वाटणारा एक आवाज, बस. त्याच्या दृष्टीनं पंखा आणि पुरुषसूक्त सारखंच. मी दादाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "असू दे ना, भाव महत्त्वाचा." वर म्हणाला, "तू नास्तिक, तुला तिथीचं काय पडलंय?"

मला तिथीचं काहीच पडलेलं नव्हतं. मला जिन्यातल्या माणसाचं पडलं होतं. महिने सरत होते, आणि मॅडम हल्ली जाताना "बघू" म्हणायला लागल्या होत्या.

दादाच्या कंपनीनं त्याला दिवसभरासाठी पुण्याला बोलावलं तेव्हा तो पहाटेच गेला, पण वेळ लावलेली होती. मी बाबांची आंघोळ होण्याआधी त्याच्या खोलीत गेले, कॉम्प्युटर बंद केला आणि राउटरची पिनही भिंतीतून उपटली. इतकी वर्षं आवाजाविरुद्ध काम करतेय, एवढी यशस्वी कारवाई पहिलीच. वहिनी लॅपटॉप उघडत होती. माझ्या हातातल्या पिनेकडे तिनं पाहिलं. "नेट गेलं वाटतं," ती म्हणाली, फोनवर कुणाला तरी कळवलं आणि लॅपटॉप मिटला. तिच्याबद्दलचं माझं मत मला त्या दिवशी थोडं बदलावं लागलं.

बाबा बाहेर आले, सवयीनं दाराकडे वळले, आणि थांबले. काहीच वाजत नव्हतं. खालून एक रिक्षा गेली, शेजारच्यांचा कुकर झाला. बाबा उभेच. मग वळले आणि चौरंगावर बसले. पळी उचलली, डाव्या हातानं, कारण उजव्याचं अजून खरं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तोंडातून काही आलं नाही.

आई कॅलेंडरपाशी आधीच उभी होती. म्हणाली, "आज वैशाख कृष्ण त्रयोदशी. बुधवार."

बाबा सुरू झाले. याला सुरू होणं म्हणतात हे तिथे असलेल्यालाच कळलं असतं. एक अक्षर, मग विहिरीतून बादली ओढावी तसा वेळ, मग दुसरं. नदीचं नाव अर्धं आलं. शक आला नाही, तो त्यांनी हात हलवून सोडून दिला. मध्ये एक भलताच शब्द आला, त्यांनी जीभ चावली, मागे गेले, परत आले. महिना आला. सगळा, स्वच्छ. "वैशाखे." वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं, बांगडी रुतली. पुढे ते थकले, तिथीपर्यंत गेलेच नाहीत, पाणी सोडलं आणि डोळे मिटून बसले. पण जिन्यात गेले नाहीत.

संध्याकाळी दादा आला. वहिनीनं बातमी दिली आणि पिनेचंही सांगितलं, ते सांगायला नको होतं. तो चिडला, मग रडला, मग बाबांच्या पायाशी बसला, आणि मग त्याला कल्पना सुचली. त्याला सुचतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चौरंगावर बसतात तो त्यांच्या उपरण्याला त्यानं बोटाएवढा माइक अडकवला. "बाबा, तुम्ही फक्त बोला. नवीन रेकॉर्ड करू. आज जेवढं येईल तेवढं, उद्या त्याच्यापुढचं. जुनं काढून टाकू. हेच घरभर लावू."

बाबांनी माइककडे पाहिलं. उपरण्यावरून तो काढला. समोरच्या ताम्हनात ठेवला. एक फूल वाहिलं. पळीभर पाणी घेतलं आणि त्यावर सोडलं.

"अहो बाबा! वॉटरप्रूफ नाहीये ते!"

बाबांनी दुसरी पळी सोडली.

वहिनी हसत हसत बाल्कनीत पळाली. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "हे तू शिकवलंस." मी म्हटलं, "मला पूजा येत नाही." तो ताम्हनातला माइक घेऊन आत गेला, तांदळाच्या डब्यात घालून ठेवला. मग स्टूल आणून देवघरावरचा स्पीकर उतरवला, फ्रिजवरचा आणि टीव्हीशेजारचाही उतरवला. मोरीतला ठेवला. "तेवढा माझा," म्हणाला. असू दे. आंघोळ करताना त्याला साहेब ऐकायचाय, तर ऐकू दे बापडा.

हे सगळं सांगितलं म्हणून बाबा आता खडखडीत बोलतात असं कुणी समजू नये. वाया गेलेले दिवस कुठलाही कॉम्प्युटर परत वाजवून देणार नाही. मॅडमना मी सगळं सांगितलं, दादाच्या समोर सांगितलं. त्या चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, "आता रोज. कंटाळू नका."

परवाच्या सकाळी आम्ही तिघे दारात उभे होतो. आता उभंच राहायचं असतं, कुणी मदत करायची नसते. आईची तिथी सांगून झाली होती. बाबा शकावरून पुढे गेले, महिना झाला, आणि पक्षापाशी अडकले. दुधाला उकळी आली, वहिनी गॅस बंद करून परत आली, तरी अडकलेलेच. दादाच्या ओठांवर शब्द आला. बोलणार, एवढ्यात वहिनीनं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

बाबांनी मान वर केली. "शुक्ल," ते म्हणाले. ठणठणीत, सगळं घर भरेल असं.

पक्ष कृष्ण चालू होता. इतके महिने चारी भिंतींनी त्यांच्या कानात जे ओतलं होतं, तेच बाहेर पडलं. दादानं मान खाली घातली. माझ्या जिभेवर त्याला सुनवायचं वाक्य तयार होतं.

आईनं माझी वाट पाहिली नाही. "कृष्ण," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "मघाशी सांगितलं ना. कृष्ण पक्ष."

बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं, भाजीत मीठ कमी असल्यावर बघतात तसं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"कळतं," बाबा म्हणाले.